काळ्या बाहुलीचं बारसं

मराठीत 'काळी बाहुली' हे दोन शब्द नुसते उच्चारून बघा. डोळ्यांसमोर काय येतं? नव्या बांधकामावर नाहीतर ट्रकच्या मागे उलटी टांगलेली, केस पिंजारलेली ती चिंधी. लिंबू-मिरचीची सख्खी बहीण. किंवा मग सिनेमातला मांत्रिक, हळद-कुंकू आणि टाचण्या टोचलेली बाहुली. दृष्ट लागू नये म्हणून टांगायची नाहीतर कोणाचं तरी वाईट व्हावं म्हणून पुरायची, एवढीच त्या बिचारीची दोन कामं. मांडीवर घेऊन जोजवायची, भातुकलीत जिला वरणभात भरवायचा, अशी काळी बाहुली आपल्या भाषेत जवळजवळ नाहीच.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मला फोन येतो आणि विषयही ठरलेला असतो. पूर्वी 'क्लाऊड म्हणजे काय ते सोप्या मराठीत लिहा' असा असायचा, हल्ली 'ए.आय.मुळे नोकऱ्या जाणार का' असा असतो. मी आय.टी. कन्सल्टंट, त्यामुळे नोकरी जाण्यावर अधिकारवाणीने लिहू शकतो! पण यंदा मी सांगितलं, की मला बाहुल्यांवर लिहायचंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं, बालविभागात टाकू या," असं उत्तर आलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हा लेख मुलांसाठी नाही. त्यांच्या आईबाबांसाठी आहे, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर आहेच आहे.

आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट' नावाची एक चीज असते. वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही, तर जे आपोआप येतं ते डिफॉल्ट. ते कोणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं, पण वापरणाऱ्याला वाटतं की जगाची रीतच अशी आहे. सांगलीच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला खडूच्या पेटीतल्या एका फिकट गुलाबी खडूला आम्ही सगळे 'स्किन कलर' म्हणत असू. वर्गात पन्नास पोरं, त्यातल्या एकाचीही कातडी त्या रंगाची नव्हती. तरी शेतकऱ्यापासून शिवाजी महाराजांपर्यंत सगळे त्याच खडूने रंगत. ज्या हातात खडू धरलाय त्या हाताकडे बघायचं कोणाला सुचत नसे. याला म्हणतात डिफॉल्ट!

अमेरिकेतही तोच प्रकार होता. क्रेयोला कंपनीच्या पेटीत त्या खडूचं नाव चक्क 'फ्लेश' होतं. १९६२ साली ते बदलून 'पीच' केलं गेलं. त्याच पेटीत एक 'इंडियन रेड' नावाचा तपकिरी-लाल खडू होता. नाव आपल्या भारतात सापडणाऱ्या रंगद्रव्यावरून पडलेलं, पण मुलांना वाटे की हा इथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीचा रंग. म्हणून १९९९मध्ये तोही 'चेस्टनट' झाला. आणि जगभरातल्या माणसांच्या कातडीचे २४ रंग असलेली वेगळी पेटी निघाली ती २०२० साली. म्हणजे 'फ्लेश' या नावाला रजा दिल्यावर तब्बल ५८ वर्षांनी.

आमची लेक २०१२ची, इथेच न्यू जर्सीत जन्मलेली. चार वर्षांची असताना प्रीस्कूलमध्ये 'माय फॅमिली' असं चित्र काढून तिने घरी आणलं. प्रत्येक घराच्या फ्रिजवर असतं तसलंच. काड्यांचे हातपाय, कोपऱ्यात सूर्य. त्यात आई ब्राऊन होती, बाबा ब्राऊन होते, आणि मध्ये उभी असलेली ती स्वतः पीच. केस पिवळे. बायकोने सहज विचारलं, "अगं, तू अशी का?" त्यावर तिने आमच्या अज्ञानाची कीव करत उत्तर दिलं, "आय वॉज बॉर्न हिअर ना, आई! तुम्ही इंडियातून आलात."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, तक्रार नव्हती. कोणी तिला चिडवलं नव्हतं. तिने आपलं चार वर्षांचं निरीक्षण मांडून एक नियम काढला होता : इथे जन्मलेली मुलं पीच असतात. पुस्तकातली, कार्टूनमधली, तिच्या स्वतःच्या खेळण्याच्या टोपलीतली. टोपलीत तेव्हा सात बाहुल्या होत्या, सगळ्या वाढदिवसाला आलेल्या. सातही जणी गोऱ्या, पाच पिवळ्या केसांच्या. उपलब्ध डेटावरून तिचं अनुमान बरोबर होतं. प्रश्न डेटाचा होता.

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्यापाशी येऊन पोचलो. इथे शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना हे नाव कदाचित माहीत असेल, आपल्या पिढीला सहसा नसतं. आपण आलो ते थेट मास्टर्सला. आधीचा सिलॅबस आपला बुडाला!

क्लार्क पतिपत्नी दोघेही कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. मूळ कल्पना मेमीबाईंची, हॉवर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या मास्टर्सच्या प्रबंधातून पुढे आलेली. त्यांनी चार बाहुल्या घेतल्या. साचा एकच, लंगोटही तोच. दोघी गोऱ्या आणि पिवळ्या केसांच्या, दोघी तपकिरी आणि काळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर त्या ठेवून एकेक प्रश्न विचारला. तुला खेळायला आवडेल ती दे. चांगली बाहुली दे. वाईट दिसते ती दे. छान रंगाची दे. आणि मग, गोऱ्या मुलासारखी दिसते ती दे, काळ्या मुलासारखी दिसते ती दे. सगळ्यात शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे.

१९४७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. 'वाईट दिसते ती' म्हटल्यावर ५९ टक्के मुलांनी तपकिरी बाहुली उचलून दिली. कोणती गोरी आणि कोणती काळी हे तर ९० टक्क्यांहून जास्त मुलांना अचूक कळत होतं, म्हणजे समजण्यात घोळ नव्हता. पण 'तुझ्यासारखी कोणती' या शेवटच्या प्रश्नाला ३३ टक्के मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. त्यातली काही मुलं खरोखरच बरीच उजळ होती, हे क्लार्क यांनीच नोंदवलं आहे. पण सगळी नव्हती. हा प्रश्न आला की आधी खुशीत उत्तरं देणारी काही मुलं रडायला लागत, काही खोलीतून पळून जात.

आकडे वाचताना मला फ्रिजवरचं चित्र दिसत होतं.

पुढे १९५१ साली केनेथ क्लार्क याच बाहुल्या घेऊन साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गेले. तिथल्या शाळांतल्या भेदभावाविरुद्ध पालकांनी कोर्टात दावा लावला होता. सोळा मुलांपैकी दहांनी गोरी बाहुली पसंत केली, अकरांनी काळीला 'वाईट' म्हटलं. हा दावा पुढे सुप्रीम कोर्टात 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी, शाळांमध्ये वर्णावरून मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य आहे, असा एकमताचा निकाल दिला. त्या निकालपत्राच्या ११व्या तळटीपेत पहिलंच नाव क्लार्क यांचं आहे. लंगोट घातलेल्या बाहुल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचल्या!

माझ्यातला डेटावाला माणूस इथे हात वर करतो. सोळा मुलं म्हणजे फारच लहान सँपल, अशी टीका तेव्हाही झाली. शिवाय २५३ मुलांच्या अभ्यासात गोरी बाहुली मागण्याचं प्रमाण, वेगळ्या शाळा असलेल्या दक्षिणेपेक्षा मिश्र शाळा असलेल्या उत्तरेत जास्त निघालं होतं. म्हणजे कायदा बदलला की मुलांचं मन आपोआप बदलेल, एवढं सोपं गणित नव्हतं. २००५ साली किरी डेव्हिस या न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलीने आपल्या लघुपटासाठी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा २१पैकी १५ मुलांनी गोरी बाहुली निवडली. निकालाला तोवर ५१ वर्षं झाली होती.

मग बाहुल्या बनवणाऱ्यांनी काय केलं? बार्बी बाजारात आली १९५९ साली. १९६७मध्ये मॅटेल कंपनीने बार्बीच्या चुलत बहिणीची, फ्रॅन्सीची, काळी आवृत्ती काढली. साचा गोऱ्या फ्रॅन्सीचाच, फक्त प्लॅस्टिकचा रंग वेगळा. आमच्या धंद्यात ॲप्लिकेशनचं नुसतं रंगरूप बदलण्याला 'स्किन बदलणं' असंच म्हणतात. आतला कोड तोच! ती बाहुली फारशी खपली नाही. लोकांना फरक कळतो. दुसऱ्या वर्षी क्रिस्टी आली, पण ती बार्बीची मैत्रीण. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या कार्यकर्त्यांनी, तिथल्या १९६५च्या दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या चळवळीतून, 'शिंदाना' ही स्वतःची कंपनी काढली. त्यांनी 'बेबी नॅन्सी' नावाची बाहुली केली, ती नाक-ओठ-केसांसकट काळ्या बाळासारखी. उसना साचा नाही. ती कंपनी १९८३मध्ये बंद पडली, पण २०२० साली बेबी नॅन्सीला राष्ट्रीय खेळणी दालनात सन्मानाने जागा मिळाली.

आणि जिच्या खोक्यावर 'बार्बी' असंच नाव आहे अशी काळी बाहुली यायला १९८० साल उजाडलं. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनर बाईंनी ती घडवली. म्हणजे बारा वर्षं काळी बाहुली बार्बीची मैत्रीण होऊ शकत होती, बार्बी होऊ शकत नव्हती. मैत्रीण आणि नायिका यातला फरक हिंदी सिनेमा बघून मोठ्या झालेल्या आपल्याला समजावून सांगायला नको.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीला १९९०च्या सुमारास मुंबईच्या मामाने बार्बी आणून दिली होती. साडी नेसलेली, कपाळाला टिकली. साडी आपली, टिकली आपली, चेहरा मात्र कॅलिफोर्नियाचा! त्याआधीच्या आमच्या घरच्या बाहुल्या म्हणजे चिंध्यांच्या, आणि त्यांचं तोंड जुन्या धोतराच्या पांढऱ्या कापडाचं. नवरी हवी तर ती गोरीच हवी, मग ती चिंधीची का असेना.

तर २०१६च्या हिवाळ्यात आम्ही तपकिरी बाहुलीच्या शोधात निघालो. त्याच वर्षी मॅटेलने बार्बीचे सात वर्ण आणि तीन नवे बांधे बाजारात आणले होते, त्यामुळे काम सोपं होईल असं वाटलं. भल्यामोठ्या दुकानात नजरेच्या उंचीवर पिवळ्या केसांची रांग होती. आमच्या रंगाची एक बाई सापडली ती सगळ्यात खालच्या फळीवर, मागे. मोठ्या कौतुकाने घरी आणली. आता मुलीच्या डोक्यातला नियम बदलणार, या आनंदात आम्ही दोघं चहा पीत तिचा खेळ बघत बसलो.

आमच्या लेकीने त्या बाहुलीला लगेच खेळात घेतलं. 'नॅनी' म्हणून! सोनेरी केसांच्या बायका पार्टीला जात आणि ही घरी बसून त्यांची पोरं सांभाळे. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकीण झाली. आठवडाभरात तिचं नाव 'हेल्पर' पडलं. दुकानातून रंग आणला होता, पण त्या रंगाला खेळात कोणतं काम मिळतं ते दुकानदाराच्या हातात नव्हतं.

मे २०१७मध्ये माझी आई सांगलीहून आली. आई म्हणजे शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. बॅगेतून मेतकूट, भाजणी आणि कुळथाचं पीठ निघालं, त्याबरोबर उटणंही निघालं. दुसऱ्या दिवसापासून नातीला साय-बेसन लावून आंघोळ सुरू झाली. "उन्हात फार खेळू देऊ नका, काळवंडलीय पोर," हे पालुपदही चालू झालं. एका दुपारी आजी-नात खेळत असताना आईने 'हेल्पर'ला उचललं आणि म्हणाली, "ही काळुंद्री कुठून आणलीत रे?"

"आजी, काळुंद्री म्हणजे काय?"

शब्द नवा होता आणि आमची लेक नवे मराठी शब्द हावऱ्यासारखे गोळा करत होती. तिच्याबरोबर खेळायला शेजारची तिची मैत्रीण आली होती. आफ्रिकन-अमेरिकन घरातली, केसांच्या बारीक वेण्या घातलेली, मोठी गोड पोर. ती आमच्या लेकीच्या तोंडाकडे बघत होती, कारण मराठीचं इंग्रजी करून सांगायचं काम तिच्याकडे असे.

"तिला खेळात काय म्हणतात, ते विचार आजीने," असं म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री मुलगी झोपल्यावर मी आईला ते फ्रिजवरचं चित्र दाखवलं. क्लार्कबाईंच्या बाहुल्यांची गोष्ट सांगितली. टक्केवारी सांगितली, कारण आईला आकडेवारीशिवाय काही पटत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "तुला माहितेय, आम्ही तिघी बहिणी. ताई आणि बेबी गोऱ्या, मी मधली अशी. लग्नासाठी माझा फोटो काढायला नेलं, तर स्टुडिओवाल्याने न सांगता तो उजळ करून दिला. अण्णांना वाटलं, बरं झालं. मुलाकडचे बघायला आले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, 'फोटोतली मुलगी बाहेर येतेय ना?' मी पोह्यांचा ट्रे घेऊन समोरच उभी होते."

पन्नासएक वर्षांत ही गोष्ट मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. बी.एस्सी.ला विद्यापीठात नंबर आला होता हे ती शंभर वेळा सांगायची, हे कधीच नाही. "असे पाच जण येऊन गेले," ती म्हणाली. "साय-बेसन मी तिला गोरी करायला लावत नाही रे. तिच्यापुढे कोणी ट्रे घेऊन उभं राहू नये म्हणून लावते."

आपण ज्याला जुन्या बायकांचं गोऱ्या रंगाचं वेड म्हणून हसतो, त्याच्या मागे कित्येकदा अशी एक भीती असते. त्या पिढीला दुसरं हत्यार कोणी दिलं नव्हतं. 'फेअर ॲण्ड लव्हली' भारतात आली ती १९७५ साली, आणि नावातला 'फेअर' गेला २०२० साली. म्हणजे पंचेचाळीस वर्षं ट्यूबवर छापून सांगितलं जात होतं, की गोरं असणं म्हणजेच छान असणं.

दोन दिवसांनी आईने जाहीर केलं, की या बाईला नाव नाही म्हणून तिला सगळे हेल्पर म्हणतात, तेव्हा हिचं बारसं करायचं. साडेअकरा इंच उंचीच्या, उंच टाचांचे बूट घातलेल्या, चांगल्या नोकरीधंद्याच्या वयाच्या बाईचं बारसं! बुटांच्या खोक्याचा पाळणा झाला, त्यावर बायकोचा रेशमी स्कार्फ. घुगऱ्या शिजल्या. गल्लीतली पाच-सहा पोरं जमली. त्यात लाल केसांचा एक आयरिश मुलगा होता, शेजारची ती मैत्रीण होती आणि कुतूहलाने आलेली तिची आईही. आमच्या लेकीला आत्या करण्यात आलं. तिने बाहुलीच्या कानात नाव सांगितलं आणि 'कुर्रर्र' केल्याबरोबर प्रथेप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे पडले. सगळ्यात जोरदार धपाटा त्या आयरिश पोराचा होता. त्याला हा धर्म फारच आवडला.

नाव ठेवलं कृष्णा. "आमच्या गावच्या नदीचं नाव आहे," आई मुलांना सांगत होती आणि मी इंग्रजी करत होतो. "आणि द्रौपदीचंही. ती सावळी होती म्हणून तिला कृष्णा म्हणत. महाभारतातली सगळ्यात देखणी बाई." मैत्रिणीच्या आईने विचारलं, "म्हणजे नावाचा अर्थच काळी असा आहे? आणि ते कौतुकाने ठेवतात?" आईने तिच्या इंग्रजीत ठणकावून उत्तर दिलं, "येस. अवर गॉड ऑल्सो ब्लॅक. विठ्ठल. पंढरपूर."

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की हे सगळं आपल्या घरात होतंच. ज्याच्यासाठी लाखो माणसं दरवर्षी पायी चालत जातात तो आपला देव काळा आहे. गणपतीबरोबर गौरी बसते, तिच्या नावातच गोरेपण आहे, आणि तिच्याच दुसऱ्या रूपाचं नाव काली. देवघरात दोन्ही रंग सुखाने नांदतात. भांडण सुरू होतं ते लग्नाच्या बैठकीत.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. पहिलं बारशात होतं, दुसरं जन्मभर चालतं. क्लार्क यांच्या प्रयोगातली मुलंही बाहुलीचा रंग ओळखण्यात चुकत नव्हती. 'चांगली' आणि 'वाईट' ही लेबलं कुठल्या बाहुलीला लावायची, हे त्यांना कोणीतरी आधीच शिकवलं होतं. ते काही बाहुलीने शिकवलं नव्हतं. म्हणून बाहुली हवीच, पण तिच्या बरोबर शब्दही हवेत, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

कृष्णाला त्यानंतर बढती मिळाली. आजी गणिताची बाई म्हणून 'मिस कृष्णा'ही गणिताची बाई झाली. सोनेरी केसांच्या बायका तिच्यापुढे ओळीने बसून बे एके बे म्हणू लागल्या. आणि फ्रिजवरच्या चित्रांचं काय झालं? पुढची दोन-तीन चित्रं पीचच होती. एकात ती चक्क जांभळी होती, तेव्हा आम्ही काहीच न बोलता ते चित्र लावून टाकलं. ब्राऊन झाली ती पहिलीत गेल्यावर, एक दिवस सहज. ते बारशामुळे झालं, शाळेमुळे की वयामुळे, हे मी सांगू शकत नाही. सँपल साइज एक!

२०२३ साली 'अमेरिकन गर्ल' कंपनीने वर्षाची मानकरी म्हणून पहिल्यांदाच भारतीय वंशाची बाहुली आणली. कवी शर्मा तिचं नाव, आणि कंपनीने तिला घर दिलं ते आपल्या न्यू जर्सीतल्या मटचनमध्ये. एडिसनच्या कुशीतलं गाव! आमची लेक तेव्हा दहा वर्षांची, बाहुल्यांचं वय सरत आलेलं. पण तिने जाहिरात बघितली आणि म्हणाली, "बाबा, शी लिव्हज ऑन अवर ट्रेन लाईन!" त्या एका वाक्यात जो आनंद होता तो मला फार मोलाचा वाटला. भारतातून आलेली नव्हे, इथली. आणि तरीही ब्राऊन. चार वर्षांची असताना तिने काढलेला नियम एका बाहुलीने जाहीरपणे खोडून काढला होता. २०२४च्या दिवाळीत मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी सजवलेली बार्बीही आली. चला, उशिरा का होईना, शेल्फवर आपल्याला जागा मिळाली.

पण शेल्फवर आपली बाहुली आली म्हणून आपलं काम संपत नाही. थोडं कडू आहे, तरी लिहितो. इथे राहून आपल्यातल्या बऱ्याच जणांना मराठी ही गुप्त भाषा वाटते. इंग्रजीत आपण किती जपून बोलतो! आणि ग्रोसरीच्या रांगेत, पार्किंगमध्ये, 'त्या गल्लीत घर नको, तिकडे काळे फार आहेत' हे मात्र बिनदिक्कत मराठीत. समोरच्याला कळत नाही, पण मागच्या सीटवर बसलेल्या आपल्या मुलांना कळतं. आपण शाळेतल्या गोऱ्या मुलाच्या एका वाक्याने अस्वस्थ होतो, आणि आपली मुलं आपल्याकडून मराठीत काय शिकतात ते आपल्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं की मराठी टिकावी. टिकायलाच हवी. पण तिच्यातला कुठला शब्दसंग्रह टिकतोय तेही बघायला हवं ना?

आणि हा प्रश्न नुसता शेजाऱ्यांचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांतले आपल्या मंडळातल्या मुलामुलींचे विवाह आठवून बघा. जावई पोलिश आहेत, सुना कोरियन आहेत, एका घरी जमैकाचे व्याही आहेत. उद्या गणपतीत मखरासमोर जी नातवंडं रांगणार आहेत, त्यांच्यात त्या २४ खडूंच्या पेटीतले बरेच रंग असतील. त्यांच्या बाहुल्या त्यांच्यासारख्या दिसतील, याची सोय बाजार हळूहळू करतोच आहे. त्या बाहुलीला मांडीवर घेऊन आजी काय म्हणते, ते मात्र बाजारात मिळत नाही.

तेव्हा यंदा मुलांच्या वाढदिवसाला काय घ्यावं असा प्रश्न पडला, तर खालच्या फळीवरही जरा वाकून बघा. आपल्या मुलीला तिच्यासारखी एक घ्या, आणि तिच्या शेजारणीसारखीही एक घ्या. मुलगा असला तरी घ्या, त्याने काही बिघडत नाही. आणि घरी आणल्यावर तिला नुसती टोपलीत टाकू नका. बारसं करा. घुगऱ्या नाही जमल्या तर पॉपकॉर्न चालतील. फक्त नाव विचार करून ठेवा, म्हणजे पुढे नावं ठेवायची वेळ येणार नाही.